लेटरहेडवर दोन ओळी

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण हल्ली छाती आधी जमिनीला लागते आणि कपाळ हवेत राहतं.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोललो तर आई दाराआडून ऐकते. मेसेज केला तर ही वाचते. आणि तुमच्या त्या वळूंच्या केंद्रात फाटकाच्या आत फोन नेऊ देत नाहीत, मग संध्याकाळी तू दमून नुसती 'हं, हं' करत असतेस. त्यापेक्षा कागद बरा.

विषय तुला माहीत आहे. लग्नाला चार वर्षं झाली, पहिली दोन आम्हीच थांबलो होतो, पण अजून घरात पाळणा नाही. हिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, सगळंच नॉर्मल. म्हणजे दोष फारच खोल असणार. म्हणून डॉक्टरीणबाईंनी वीस मार्चला भूल देऊन, पोटाला तीन छिद्रं पाडून दुर्बिणीने आत बघायचं ठरवलंय. ही घाबरली आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, घरी आली की भिंतीकडे बघत बसते. तू तिला दोन समजुतीचे शब्द लिही.

दुसरं काम माझं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिस्टरांचाही नमुना द्या. मी नुसता खुर्चीतून उठून उभा राहिलो. ब्याण्णव किलो, दंड सतरा इंच, दाढी सकाळी केली तर दुपारी परत. माझ्याकडे बघून तरी कळायला हवं! पण बाई ऐकेनात. तर तू तुझ्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दे, की अशा प्रकृतीच्या नराची तपासणी करायची गरज नसते. शेवटी तूही डॉक्टरच, जनावरांची का होईना. खाली शिक्का मार. आईचाही तुझ्या शिक्क्यावर फार विश्वास आहे.

तुझा भाऊ
(पाकिटावर 'बारक्या' लिहू नकोस. पोस्टमन माझ्याकडे बघून हसतो.)


२५ जानेवारी

प्रिय बारक्या,

पोस्टमनला हसू दे, त्याच्या नोकरीत दुसरी करमणूक नाही.

प्रमाणपत्र मिळणार नाही. आमच्याकडे बावीस वळू आहेत आणि त्यातला एकही दिसण्यावर पास झालेला नाही. दर आठवड्याला प्रत्येकाचा नमुना काचेवर घेऊन मी स्वतः बघते. शुक्राणू किती, हलतात किती, सरळ जातात की गोल गोल फिरतात. मगच त्या वीर्याच्या कांड्या भरून गोठवतात आणि गावोगावच्या गाईंसाठी पाठवतात. माझ्या सहीशिवाय एक कांडी फाटकाबाहेर जात नाही. वळूंनी कधी उठून उभं राहून मला छाती दाखवली नाही. तेवढी समज आहे त्यांना.

आमच्याकडे एक साहेब आहेत. वळूच, पण चालणं असं की सगळे साहेबच म्हणतात. नऊशे किलो. गेल्या पावसाळ्यापासून साहेब कामाला आळसायला लागले. त्यांना सांभाळणारे मामा काळजीत पडले, कारण वळू यादीतून निघाला की ट्रक येतो, आणि तो ट्रक कुठे जातो हे आमच्यात कोणी बोलत नाही. मग दोन महिन्यांपूर्वी साहेबांना अचानक तरतरी आली. मानेवर चरबी, डोळ्यांत आग, डुरकणं असं की खिडक्या वाजाव्यात. सगळे खूश. नमुना मात्र दर आठवड्याला विरळ होत गेला, आणि परवा काचेवर घेतला, तर पाणी. स्वच्छ, नितळ, पिण्याजोगं. एकसुद्धा शुक्राणू नाही.

का, ते अजून कळलेलं नाही. शोधते आहे.

तुझ्या बायकोच्या पोटाला तीन छिद्रं पाडण्याआधी तू एका डबीत नमुना दे. दहा मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. आणि खरं सांग, काही औषध, काही टोचणं-बिचणं चालू आहे का?

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

सख्ख्या भावाची तुलना बैलाशी केलीस, त्याबद्दल आभारी आहे.

मी काहीही घेत नाही. प्रोटीनची पावडर, उकडलेली अंडी आणि मेहनत. जिमचा ट्रेनर म्हणतो की माझ्यासारखं शरीर त्याने दहा वर्षांत घडवलेलं नाही. पाठीवर थोडे पुरळ आलेत, ते हवेमुळे. परवा कपाटाचं दार माझ्या हातात आलं, पण ते आधीपासूनच खिळखिळं होतं. ही म्हणते, हल्ली मी फार चिडतो. मी अजिबात चिडत नाही आणि हे मी तिला चांगलं ओरडून सांगितलं.

खरं तर पत्र कालच लिहायचं होतं, पण बुधवारी मला एका बाजूवर बसायला जरा त्रास होतो.

आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की 'आमच्या सुनेत काहीतरी आहे'. परवा मावशीला सांगताना ही आत चहा गाळत होती. गाळतच राहिली, गाळणं भरून वाहिलं तरी. मला वाईट वाटलं. पण ऑपरेशन झालं की सगळं स्पष्ट होईलच. दोन ओळींचं काय झालं? नमुना-बिमुना मी देणार नाही. तिथल्या त्या नर्ससमोर डबी घेऊन जायची, एवढा का मी गेलेला आहे?

तुझा भाऊ


१७ फेब्रुवारी

बारक्या,

साहेबांचं कोडं सुटलं. तुझंही सुटलं. नीट बस, दोन्ही बाजूंवर, आणि वाच.

आमच्याकडे एक खच्ची केलेला बैल आहे. त्याला आम्ही नराच्या हार्मोनची इंजेक्शनं देतो. मग तो वळूसारखा वागतो, गाईंच्या मागे फिरतो, कुठली गाय माजावर आली ते आम्हाला दाखवतो. डौल सगळा वळूचा, आत काही नाही. त्याची इंजेक्शनं औषधांच्या कपाटात असतात. मामांनी ती पाहिली आणि विचार केला, की ज्याच्यात काही उरलं नाही त्याला याने एवढी तरतरी येते, तर आमच्या साहेबांना येईल की दुप्पट. दर आठवड्याला गुपचूप एक टोचत गेले. नमुना कोरा निघाल्यावर दोन दिवस मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, मीच केलं. साहेबांना ट्रकात घालू नका, मला काढा," म्हणाले.

आता हे टोचल्याने असं कसं झालं, ते तुझ्या भाषेत सांगते. तू पंप विकतोस. गच्चीवर टाकी आहे, खाली पंप आहे, आणि टाकीत फ्लोट. टाकी उतरली की फ्लोट पंप चालू करतो, भरली की बंद. पंपाच्या तोंडाशीच एक बाग आहे. तिला टाकीचं पाणी पुरत नाही, पंप चालतो तेव्हा जे जोरात मिळतं त्यावरच ती जगते. आता कोणा शहाण्याने टँकर आणून टाकी वरून भरून टाकली. फ्लोट वर, पंप बंद. घरातल्या नळांना धो धो पाणी. बाग वाळून चालली, आणि हा गच्चीवर उभा राहून लोकांना भरलेली टाकी दाखवतोय.

टाकी म्हणजे रक्त. फ्लोट म्हणजे मेंदू आणि त्याच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. पंप म्हणजे वृषणं, आणि बाग म्हणजे तिथेच वाढणारे शुक्राणू. रक्तात हार्मोन कमी झालं की ती ग्रंथी वृषणांना दोन निरोप धाडते. एक तिथे हार्मोन बनवणाऱ्या पेशींना. दुसरा त्या पेशींना, ज्या दाईसारख्या शुक्राणूंना वाढवतात. वृषणाच्या आत हे हार्मोन रक्तापेक्षा कितीतरी पट दाट लागतं आणि ते तिथल्या तिथेच बनावं लागतं. बाहेरून टोचलेल्याने रक्त भरतं, म्हणजे दाढी येते, दंड फुगतात, कपाटाची दारं हातात येतात. पण वरून निरोप थांबतात आणि कारखान्याला टाळं लागतं. ही गोष्ट बैलाची, घोड्याची, उंदराची आणि माझ्या भावाची एकच आहे.

बुधवारी तुझा ट्रेनर कुठल्या बाजूला टोचतो, ते मला कळवू नकोस. बंद कर. पण मनाने नाही, माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन बंद कर. आणि बायकोला सांग. वीस मार्चच्या आत. दहा मार्चपर्यंत तू सांगितलं नाहीस, तर मी तिला लिहीन.

ताई


१ मार्च

ताई,

पहिली गोष्ट, पंपाच्या तोंडाशी बाग कोणीही ठेवत नाही. बायपास लाइन टाकतात, तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात आणि टायमर वेगळा देतात. असलं डिझाइन आमच्या कंपनीने केलं असतं तर गिऱ्हाइकाने चपलेने मारलं असतं.

दुसरी गोष्ट. बरं बाई, जिंकलीस. ती इंजेक्शनं मी घेत होतो. सगळेच घेतात. आता बंद केली. हिला सांगितलं. ती आधी रागावली, मग हसली. ऑपरेशन पुढे ढकललं आहे, डॉक्टरांना भेटणार आहोत. झालं समाधान? आता तू तिला काही लिहू नकोस. विषय निघाला की तिला त्रास होतो.

तुझा भाऊ

ता. क. सहज विचारतो. साहेबांचं... म्हणजे माप वगैरे काही कमी झालं होतं का? आणि ते परत येतं का?


९ मार्च

माझ्या बारक्या,

मानवी शरीर तुझ्या कंपनीने बसवलेलं नाही, त्यामुळे तक्रार दुसऱ्या खिडकीवर कर.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोळे भरले. कांदा जवळपास नव्हता. तू तिला सांगितलंस, हे मला फार मोठं वाटलं. मी मनात तुला मामांच्या रांगेत उभं केलं, आणि माझ्याकडे त्याहून वरची रांग नाही.

ता. क.चं उत्तर. साहेबांचं माप, म्हणजे वृषणांचा घेर, आम्ही टेपने घेतो. अडतीस सेंटिमीटर होतं, तेहतीसवर आलं होतं. आता चौतीस आहे. पंप पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, आणि शुक्राणूंची एक खेप तयार व्हायला वळूला दोन महिने, पुरुषाला अडीच. मध्यंतरी उदास वाटेल, अंग गळून जाईल, शर्ट ढगळ होतील. डॉक्टर औषध देतील. घाबरू नकोस. बहुतेकांचं परत येतं.

एक सांगायचं राहिलं होतं. 'बारक्या' हे नाव मीच ठेवलं होतं. तू सहावीत होतास, दप्तराने मागे पडायचास आणि मी सगळ्या गल्लीसमोर हाक मारायचे. मला वाटायचं ती माया आहे. तुला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही.

तिला लिहीत नाही, तुझ्या म्हणण्याप्रमाणे.

ताई


२ एप्रिल

ताई,

तू हे पत्र फाडशील. फाडण्याआधी वाच.

मी हिला काही सांगितलं नव्हतं. ऑपरेशन पुढे ढकललं नव्हतं. तू लिहू नयेस म्हणून मी तुला खोटं लिहिलं. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग वाटलं, कोण जाणे, हिच्यातही काही निघालं तर माझं झाकलं जाईल. हे वाक्य लिहायला मला पंधरा दिवस लागले आहेत.

वीस तारखेला सकाळी तिला आत नेलं. जाताना तिने बांगड्या आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी दीड तास तो चष्मा धरून बाकावर बसलो होतो. समोर एक माणूस वर्तमानपत्र वाचत होता. माझा दंड बघून म्हणाला, "पैलवान दिसता." मी हो म्हणालो.

डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. "सगळं अगदी छान आहे, काहीही दोष नाही. आता मिस्टरांनी कृपा करावी."

ही शुद्धीवर आली आणि पहिलं म्हणाली, "काय निघालं?" मी म्हणालो, "काही नाही." तर ती रडायला लागली. मला म्हणाली, "माफ करा हो. काही निघालं असतं तर दुरुस्त तरी झालं असतं." तिने माझी माफी मागितली, ताई.

अठ्ठावीसला डबी दिली. नर्सने माझ्याकडे वर करून पाहिलंसुद्धा नाही. रिपोर्टवर शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी ही डबा भरत असताना सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं. म्हटलं, दीड वर्ष. तिने डब्याचं झाकण लावलं आणि दुकानात गेली. संध्याकाळी येऊन तुझी पत्रं मागितली. जिमच्या बॅगेत होती. टाके ओढतात म्हणून भिंतीला टेकून बसली आणि सगळी वाचली. शेवटी म्हणाली, "ताईंना माहीत होतं. त्यांनी मला का नाही लिहिलं?"

तिचा प्रश्न तसाच तुला पाठवतो आहे.

बारक्या


१० एप्रिल

पत्र फाडलं नाही. फाडून तुझं काम सोपं का करू?

मला तुझा राग आला आहे, आणि तो विनोदात बसत नाही. मामांना वाचता येत नाही, कोणी काही समजावलं नव्हतं, तरी तिसऱ्या दिवशी ते टोपी काढून उभे राहिले, ते एका बैलासाठी. तुझ्या हातात सगळं लिहून ठेवलेलं होतं आणि तू बायकोचा चष्मा धरून बसलास. साहेबांच्या रांगेतही तुला जागा नाही. त्या जनावराने कोणाला फसवलं नव्हतं.

आणि माझं. वीस वर्षांत मी एकही नमुना न बघता सही केलेली नाही. या एकाच वेळी, सख्ख्या भावाच्या शब्दावर डोळे मिटून केली. तिचा प्रश्न बरोबर आहे. सोबतच्या बंद पाकिटात तिच्यासाठी माझं उत्तर आहे. ते उघडलंस तर मी तुला ओळखत नाही.

तुझ्याकडे एकच काम देते. आईला सांग. तू स्वतः, मावशीसमोर, चहा गाळणारी आत असतानाच.

ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

सात महिन्यांनी लिहितो आहे. आता ऐंशी किलोवर आलोय. शर्ट ढगळ झाले, तू म्हणाली होतीस तसे. मे-जूनमध्ये सकाळी उठायचंसुद्धा जिवावर यायचं. डॉक्टरांचं औषध चालू आहे. माणसांना बायपास लाइन टाकता येते म्हणे, वरच्या निरोपाची नक्कल करणारं इंजेक्शन असतं. मी डिझाइनबद्दल फारसा चुकलो नव्हतो, एवढंच म्हणतो. ऑगस्टमध्ये शून्य. परवाच्या नमुन्यात थोडे आहेत. "अगदी थोडे, पण हलतायत," डॉक्टर म्हणाले.

ही घरात आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. मुलाचं विचारलं तर म्हणाली, "आधी तुमचा नमुना सुधारू दे, मग माणसाचं बघू." अंघोळीनंतर आरशासमोर पोटावरचे तीन व्रण बघते. मी दिसलो की पदर ओढून घेते.

आईला सांगायला मला एवढे दिवस लागले. मागच्या रविवारी सांगितलं, मावशीसमोर. इंजेक्शनं, शून्य, सगळं. आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मावशीला म्हणाली, "ह्याच्याकडे बघून तरी कळायला हवं! बायकोला पाठीशी घालतोय पोरगा. माझा मुलगा मुळातच दिलदार."

मावशीने मान डोलावली. मी ओरडून सांगितलं, रिपोर्ट दाखवला. आई म्हणाली, मशीन बिघडलं असेल. आतून हिचा आवाज आला. मार्चनंतर पहिल्यांदाच ती हसत होती. ते हसू मला ऐकवत नव्हतं.

म्हणून तुझ्याकडे परत तेच मागतोय. तुझ्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दे. खाली शिक्का मार. आई फक्त त्यालाच मानते.

बारक्या


२७ नोव्हेंबर

(लेटरहेडवर)

हे लिहून देण्यात येते की अर्जदार नरामध्ये दोष होता आणि तो त्याने स्वतः टोचून घेतला होता. त्याच्या बायकोत कोणताही दोष नव्हता व नाही. बाहेरून बघून यातलं काहीही कळत नाही.

आई, हे तुला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. तू ऐकणार नाहीस, म्हणून मावशीलाही बोलवायला सांगितलंय.

नराचा नमुना मी तपासलेला नाही. या वेळची सही त्याच्या बायकोने मला पत्रातून दिलेल्या शब्दावर केली आहे.

(सही, शिक्का)